न लागणारी गाडी

आमच्या जीपमध्ये बसलेल्या माणसाला उलटी होत नाही, अशी हमी मी एकदा भर शोरूममध्ये एका गिऱ्हाइकाला देऊन टाकली. कंपनीनं तशी हमी दिलेली नव्हती. कुठल्याच कंपनीनं ती आजवर दिलेली नाही. पण माझ्या तोंडून ती इतक्या सहज बाहेर पडली, की शेजारी उभ्या असलेल्या आमच्या मालकांनीही मान डोलावली. त्यांना वाटलं, नव्या मॉडेलात काहीतरी सुधारणा झाली असेल.

मी मूळचा साताऱ्याचा. एकाहत्तरच्या लढाईनंतरच्या त्या वर्षांत सांगलीत गाड्या विकायची नोकरी करत होतो. शोरूम म्हटल्यावर आज डोळ्यांपुढं जे येतं, ते विसरा. पुढं एक मोठी काच, काचेआड एक जीप, मागं पत्र्याच्या शेडमध्ये इस्माईल मिस्त्रींचं गॅरेज आणि दोन्हींच्या मधल्या बोळात मालकांचं टेबल. काचेआडची जीप नुसती बघायची. नोंदवलेली गाडी यायला महिनेच्या महिने लागत, आणि तोवर गिऱ्हाइकाचा उत्साह उतू जाऊ द्यायचा नाही आणि विझूही द्यायचा नाही, हे माझं खरं काम. रस्त्यावर फिरवून दाखवायला आणखी एक वापरलेली जीप होती. तिला आम्ही ट्रायलची गाडी म्हणत असू.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गाडी विकणारा इंजिनाविषयी बोलत असेल. सुरुवातीला मीही बोलायचो. गिऱ्हाईक सगळं मान हलवत ऐकून घ्यायचं आणि शेवटी विचारायचं, ते असू दे, माणसं किती बसत्यात? घरची गाडी म्हणजे आमच्या भागात जीपच. खताची पोती, शाळेची पोरं आणि माहेराहून येणारी बाळंतीण एकाच गाडीतून न्यायची, तर मोटार काय कामाची? जीपला पुढं ड्रायव्हर आणि त्याच्याशेजारी एक मानाची जागा. मागं समोरासमोर दोन बाकं, वर ताडपत्रीचं छत, पाठीमागं ताडपत्रीचाच पडदा. त्या बाकावर थाप मारून मी म्हणायचो, आठ माणसं ऐसपैस. गिऱ्हाईक दहाचं असेल तर दहा.

गाडी पारखायची प्रत्येकाची रीत निराळी. इस्लामपूरचे एक मणियार, रहीमभाई, बांगड्यांची करंडी घेऊनच आले. खाली गवत न घालता काचेच्या बांगड्या मागच्या बाकावर ठेवल्या आणि मला माधवनगरच्या रेल्वे फाटकावरून जाऊन यायला लावलं. परत आल्यावर त्यांनी करंडी उपसली. काही फुटल्या होत्या. मी तोंड पाडून उभा राहिलो, तर ते म्हणाले, टांग्यात याहून जास्त फुटतात, घरच्या बायका सुखानं बसतील. गाडी नोंदवली आणि फुटलेले तुकडे माझ्या हातावर ठेवून गेले. त्या तुकड्यांकडं बघून मला वाटलं होतं, की मागच्या बाकाविषयी जे काही कळायचं ते आता कळून चुकलं.

तर ती हमी.

गिऱ्हाईक होते तासगावकडचे एक ऊसवाले, आबा. मोठं खटलं, घरात आबांचा शब्द शेवटचा. बरोबर पुतण्या भगवान. तो लष्करात ड्रायव्हर होता आणि रजेवर आला होता. दाराशी दोन बायका उभ्या. एक आबांची मंडळी. दुसरी भगवानची आई, सोनाबाई. पन्नाशीच्या, सडसडीत अंगाच्या, पदर कपाळापर्यंत ओढलेला. भगवानचे वडील तो लहान असतानाच गेलेले.

मी आबांना बाकं दाखवत होतो. आबा बाकाकडं बघत म्हणाले, "भगवान, इच्यार तुझ्या आईला, ही लागंल का?"

सोनाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून म्हणाल्या, "सांग बाबा त्यास्नी, बसल्याबिगार कसं कळायचं."

दोघांत अंतर म्हणाल तर हातभर. भगवान मध्ये उभा राहून काहीच बोलला नाही, कारण दोन्हीकडचं दोघांनाही ऐकू गेलं होतं. त्यानं नुसतं तिथं असणं पुरे होतं. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही, त्याच्यापुढं उंचावर बसायचं नाही, त्याच्याकडं पाठ करायची नाही, ही रीत त्या घरात लग्न झाल्या दिवसापासून पाळलेली. भगवान सीमेवर असताना निरोप्याचं काम थोरल्या जाऊबाई, म्हणजे आबांची मंडळी, करत.

भगवाननं मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. लढाईत त्याचं पत्र येईनासं झालं, तेव्हा आईनं म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोलला. पोरगं सुखरूप आलं तर त्याला घेऊन तुझ्या पायाशी येईन, गुलाल-खोबरं उधळीन, आणि मगच त्याला हळद लावीन. पोरगं आलं. पण आईला गाडी लागते. एसटीनं दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा विट्याच्या स्टँडवर तिला उतरवून घ्यावं लागलं. दिवसभर लिंबाखाली पडून होती. बैलगाडीनं जावं, तर भगवानची रजा नेमकी ऊसतोडीच्या हंगामात, बैल कारखान्याच्या वाटेवर. असं करता करता वर्षं गेली. पोरगी ठरलेली होती. तिच्या वडिलांनी आता निरोप धाडला होता, की या रजेत लग्न होत नसेल तर आम्हाला दुसरीकडं बघू द्या.

"मी म्हणालो तिला, नवस राहू दे, मी घोड्यावर बसतो," भगवान म्हणाला. "ती म्हणते, देवाला टांग मारून आणलेली सून घरात घ्यायची नाही."

हे ऐकल्यावर शहाण्या माणसानं काय करावं? गप्प बसावं. मी वळलो आणि आबांना मोठ्यानं म्हणालो, "आबा, ही जीप आहे. हिच्यात हवा खेळती राहते. एसटीची गोष्ट वेगळी. या गाडीत बसलेल्या माणसाला उलटी होत नाही, ही माझी हमी."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "मग म्हसवडला घालून दावा. धड पोचली तर गाडी घ्यायची. न्हाई पोचली, तर तुमची गाडी तुमच्या दारात."

ती मंडळी गेल्यावर मालकांनी मला टेबलापाशी बोलावलं. ट्रायल आयर्विन पुलापर्यंत असते, म्हसवडपर्यंत नसते, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. मग विचारलं, उलटी न होण्याची सोय गाडीत नेमकी कुठं बसवली आहे? मी कुठंच नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "ही गाडी गेली नाही, तर तू जा."

रविवारी निघायचं ठरलं होतं. मधल्या दिवसांत मी भेटेल त्याला विचारत सुटलो, की माणसाला गाडी लागते म्हणजे काय होतं? नोकरीची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर प्रश्नानंच मला पछाडलं. बैलगाडीत हाडं खिळखिळी होतात, तिथं कुणी ओकत नाही. झोपाळ्यावर पोरं तासन्‌तास बसतात. मग गाडीतच काय बिघडतं? डॉक्टरांनी कानाचं काहीतरी सांगितलं. पोटाचं दुखणं कानात कसं, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. एसटीच्या एका कंडक्टरनं मला लक्षणं शिकवली. आधी जांभया येतात, मग माणूस थुंकी गिळायला लागतो, मग कपाळाला घाम आणि तोंड पिवळं. त्याच्या मते पोटावर वर्तमानपत्राची घडी बांधली की काम होतं. कुठलं वर्तमानपत्र, तर कुठलंही, पण शिळं.

महाबळेश्वरचा एक टॅक्सीवाला पाहुण्यांकडं आला असताना आमच्या गॅरेजात गाडी दाखवायला आला होता. तो म्हणाला, "पसरणीच्या घाटात मागं बसलेला वकतो. चालवनारा वकलेला मी अजून बघितला न्हाई." हे मला फार मोलाचं वाटलं. तोच घाट, तीच वळणं, तेच पेट्रोल, मग ड्रायव्हरच कसा सुटतो?

इस्माईल मिस्त्रींनी गाडीभोवती फिरून वास घेतला. पडदा सोडला की धूर मागून आत ओढला जातो, असं त्यांचं मत पडलं. त्यांनी धुराच्या नळीला एक तुकडा जोडून ती लांब केली. वर म्हणाले, बाईंना पुढं बसवा, समोर रस्ता दिसला की बरं वाटतं. मी ते भगवानला कळवलं. तो हसायलाच लागला. पुढची जागा आबांची. आई पुढं बसली तर आबा मागं, आणि आईची पाठ आबांकडं. तसं बसण्यापेक्षा ती म्हसवडला चालत जाईल, म्हणाला.

म्हणजे पुढची जागा बाद. मी मग पिशवी भरली. लिंबं, ओवा, सुंठ, आवळासुपारी, चिंचेच्या गोळ्या, शिळी वर्तमानपत्रं. कुणीतरी सांगितलं म्हणून गाडीच्या मागं जमिनीला घासेल अशी लोखंडी साखळीही टांगली. तिनं काय होतं ते सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

रविवारी उजाडताना गाडी घेऊन त्यांच्या गावात गेलो. भगवान स्टिअरिंगवर बसला. आबा पुढं. मी त्यांच्या बाजूला दाटीवाटीनं चढायला लागलो, तर आबांनी हात आडवा केला. "हमी देनारानं हमीजवळ बसावं."

मागं गेलो. एका बाकावर सोनाबाई, समोरच्या बाकावर थोरल्या जाऊबाई, मी त्याच बाकाच्या टोकाला. गावातून जाताना बायका दिसू नयेत म्हणून पडदा खाली सोडला, कडेच्या पट्ट्या बांधल्या. थोरल्या जाऊबाई रीत राखायला आल्या होत्या. तासगाव यायच्या आत त्या झोपल्या.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की एवढ्या वर्षांत मी या बाकावर थाप मारली होती, लोकांना बसवलं होतं, बांगड्या बसवल्या होत्या. मी स्वतः कधी बसलो नव्हतो. ट्रायल देताना मी स्टिअरिंगवर असायचो, नाहीतर चालवणाऱ्याच्या शेजारी.

मागून गाडी वेगळीच होती. रस्ता दिसत नव्हता. गाडी पुढं चालली होती आणि आम्ही आडवे. वळण आलं की आधी पोटाला कळायचं, मग डोक्याला. ताडपत्रीचा तापल्यासारखा वास, त्यात डिझेल, त्यात माझ्याच पिशवीतला ओवा. मागं साखळी खळखळत होती.

मी कामाला लागलो. सोनाबाईंच्या तोंडाकडं बघत बसलो. जांभई येते का, थुंकी गिळतात का. त्या पदराआडून माझ्याकडं बघत होत्या. विटं आलं. ज्या स्टँडवरून त्या दोनदा परतल्या होत्या, तिथल्या कंडक्टरांच्या आरोळ्या पडद्याआडून ऐकू आल्या, तेव्हा त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मला जांभई आली. लवकर उठलो होतो, असं मनाशी म्हटलं. मग तोंडाला पाणी सुटायला लागलं. कंडक्टर बरोबर सांगत होता, असा एक विचार मनात येऊन गेला, आणि त्याचं कौतुकही वाटलं.

मायणीच्या पुढं वळणं सुरू झाली. सोनाबाई पुढं वाकून म्हणाल्या, "सायेब, तुमच्या कपाळाला घाम आलाय."

मी काही नाही असं सांगायला तोंड उघडलं आणि लगेच मिटलं.

त्यांनी पिशवीतून लिंबू काढून माझ्या नाकाशी धरलं. भगवानला हाक मारली. इंजिन आणि साखळी यांच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. थोरल्या जाऊबाईंचा दंड हलवला. त्या झोपेत 'व्हय' म्हणाल्या. उरले आबा. आबांची पाठ त्यांच्यापासून हातभर होती. त्यांनी त्या पाठीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हा ताडपत्रीला धरून उभा राहायचा प्रयत्न करत होतो.

"आबा, गाडी थांबवा," त्या ओरडून म्हणाल्या. "मानूस चाललाय हितं."

ब्रेक भगवाननं आपण होऊन दाबला. मी पडद्याखालून रस्त्यावर गेलो तो बाभळीच्या बुडाशी बसलो. तिथं जे झालं ते झालं. पण त्याही अवस्थेत मला मागून गाडीतला आबांचा आवाज ऐकू आला. ते अजून समोरच बघत होते.

"कोन, सायेब?"

"व्हय."

"आन् तुमास्नी?"

"मला काय धाड भरलीया."

एवढंच. भगवान स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून असा बसला होता, की जणू मागं वळून पाहिलं तर काहीतरी मोडेल.

पुढचा प्रवास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. सोनाबाईंनी पडदा वर गुंडाळायला लावला. कडेच्या पट्ट्याही सोडल्या. गावं आली तरी खाली घेऊ दिल्या नाहीत. माझ्या पोटावर माझंच वर्तमानपत्र बांधलं. ओवा झाला, सुंठ झाली, आवळासुपारी झाली. जे जे मी त्यांच्यासाठी घेतलं होतं ते सगळं त्यांनी क्रमानं मला चारलं, आणि ते सगळं क्रमानं परत आलं. त्या एका हातानं माझं कपाळ धरून बसल्या होत्या आणि दुसऱ्या हातानं पुढच्या सीटवर थापट्या मारून भगवानला खड्डे दाखवत होत्या. मध्येच एकदा आबांनी आपला पाण्याचा तांब्या मान न वळवता मागं दिला. सोनाबाईंनी तो घेतला.

एका थांब्यावर आबा खाली उतरले, माझ्याकडं बघून घसा खाकरला आणि म्हणाले, "सायबाला म्होरं बसवा. मी बसतो मागं."

म्हणजे ते सोनाबाईंच्या समोरच्या बाकावर बसणार. गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. क्षणभर दोघंही त्या बाकाकडं बघत राहिले. मलाही पुढं जायचं होतं, फार जायचं होतं, पण माझं मत कुणी विचारलं नाही.

"नगं," सोनाबाई म्हणाल्या. "तुमी बसा तितंच. ह्येला मी धरलंय."

म्हसवडला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. सोनाबाई आधी उतरल्या. मला सावलीला बसवा, पाणी पाजा, असं भगवानला बजावून त्या गुलाल आणि खोबरं घ्यायला गेल्या. घासाघीस करतानाचा त्यांचा आवाज मला बसल्या जागी ऐकू येत होता. देवळाच्या दारात त्या एकदम थांबल्या. हातातली पुडी तशीच. दुसरा हात पोटावर ठेवून त्या उभ्या राहिल्या.

"काय झालं आई?" भगवाननं घाबरून विचारलं.

"कायबी न्हाई," त्या म्हणाल्या. मग परत, जरा नवल वाटल्यासारखं, "कायबी झालं न्हाई रं."

त्या आत गेल्या. खोबरं उधळलं. भगवानच्या कपाळाला लावायचा गुलाल त्यांनी त्याच्या साऱ्या तोंडाला असा रगडला, की लष्करातला तो धिप्पाड गडी डोळे मिटून उभा राहिला. "आता लागू दे हळद," एवढं त्या मोठ्यानं म्हणाल्या. थोरल्या जाऊबाई एवढ्या वेळानं पुऱ्या जाग्या झाल्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मला विचारलं, तुमास्नी ताप आलाय का?

सोनाबाईंना त्या दिवशी गाडी का लागली नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. नंतर कितीजणांना विचारलं. पडदा वर केल्यामुळं, असं इस्माईल मिस्त्री म्हणाले, आणि नळीचं श्रेयही त्यांनी सोडलं नाही. डॉक्टर पुन्हा कानावर आले. माझा आपला एक अंदाज आहे. ड्रायव्हरला गाडी लागत नाही, कारण त्याला लागून चालत नाही, त्याचं सगळं लक्ष दुसरीकडं असतं. त्या दिवशी मागच्या बाकावर बसून त्या बाई एक माणूस चालवत होत्या. एवढं मात्र खरं, की त्यानंतर कुठल्याही गिऱ्हाइकाला बाक दाखवताना मी थाप मारली नाही.

पण हे शहाणपण नंतरचं. तिथं देवळाच्या भिंतीला टेकून बसलेला असताना माझ्यातला विक्रेता शुद्धीवर आला. आबा समोर आले तसा मी भिंतीला धरून उठलो आणि म्हणालो, "पाहिलंत ना आबा? काकूंना गाडी लागली नाही. हमी पुरी झाली."

आबा बराच वेळ माझ्या शर्टाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बोललो हुतो. घ्यायची म्हंजी घ्यायची."

आणि भगवान तिथंच उभा असताना, त्याला न विचारता, ते सोनाबाईंकडं वळले. "तुमचं काय म्हननं हाय गाडीवर?"

सोनाबाई प्रसादाचं खोबरं वाटत होत्या. माझ्यापुढं आल्या, तुकडा द्यायला हात पुढं केला, माझ्या तोंडाकडं बघून तो मागं घेतला आणि आबांना म्हणाल्या, "गाडी कसली बी घ्या. दरसाल हितं येताना वकायला मातूर ह्योच मानूस पायजे."